पाहुण्याचं जेवण

"जेवल्यावर दोन दिवस त्याला हात लावायचा नाही. आणि बाळाच्या खोलीत तर कधीच न्यायचा नाही, पोरी. कधीच म्हणजे कधीच."

हेटी टॅनीने गाडीच्या खिडकीत वाकून हे सांगितलं तेव्हा झियांदाला नववा महिना लागला होता आणि तिचं सगळं लक्ष मागच्या सीटवरच्या बुटांच्या खोक्याकडे होतं. खोक्यात उशीचा अभ्रा होता, अभ्र्याला गाठ मारलेली होती, आणि गाठीच्या आत काहीतरी सावकाश कूस बदलत होतं. टॅनी म्हणजे मावशी; ही मावशी साप पाळून विकणारी गोरी बाई. तिच्या केसांना, विणलेल्या स्वेटरला, अगदी तिच्या श्वासालाही उंदरांच्या पिंजऱ्याचा वास होता. झियांदाने नाकाला रुमाल लावला, "हो हो, टॅनी" म्हटलं आणि काच वर केली. विद्यापीठात तीन वर्षं काढलेल्या बाईने बाळाला कसं जपायचं हे साप विकणारीकडून शिकायचं का?

साप तिला नकोच होता. नुसता विचार आला तरी तिच्या जिभेखाली पाणी सुटे, ओकारीच्या आधी सुटतं तसलं. पण झोलानी, तिचा नवरा, माजोला कुळातला. त्या कुळात बाळ जन्मलं की पहिल्या काही दिवसांत शेतातला तपकिरी, बिनविषारी साप घरात येतो, बाळंतिणीच्या खोलीत शिरतो, बाळाला हुंगतो आणि आल्या वाटेने निघून जातो. त्याला कुणी साप म्हणत नाही. पाहुणा म्हणतात. झोलानी जन्मला तेव्हा तो आला होता, थोरला भाऊ फुमझिले जन्मला तेव्हाही आला होता. दोन वर्षांपूर्वी झियांदाला पहिली मुलगी झाली तेव्हा मात्र दक्षिण आफ्रिकेतल्या ईस्ट लंडन शहरातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये कुणी आलं नाही. अकराव्या दिवशी मुलगी गेली. डॉक्टरांनी हृदयातला दोष सांगितला. सासूने, मादलोमोने, वेगळंच कारण सांगितलं. तेही रागाने नाही, भांडी पुसता पुसता, हळू आवाजात. सुनेला ती नावाने नाही, माकोटी म्हणून हाक मारी, म्हणजे सूनबाई.

"चौथा मजला ना ग तुमचा, माकोटी. तो बिचारा लिफ्टचं बटण कसं दाबणार?"

वाक्य हसण्यासारखं होतं, पण झियांदाला हसू आलं नाही. म्हणून दुसऱ्यांदा दिवस राहिल्यावर झोलानी जेव्हा म्हणाला, "त्याला वर येता येत नाही, तर आपणच त्याला आणू या," तेव्हा तिने नाही म्हटलं नाही. पोटातल्या बाळासाठी बाई काय काय गिळते! तिने ही किळस गिळली.

आणि पाहुणा काहीच गिळेना.

त्याच्यासाठी दिवाणखान्यात काचेची पेटी आली, पेटीखाली गरम राहणारी चटई आली, लपायला मातीचं अर्धं मडकं आलं. फ्रीझरमध्ये आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात टॅनीने दिलेले बारा गोठवलेले उंदीर आले. ते शेजारी शेजारी झोपवल्यासारखे ठेवले होते. पाय पोटाशी, शेपट्या सरळ, कानांवर बर्फाची पांढरी बुरशी. त्यांच्या वरच्या कप्प्यात चिकन, खालच्या कप्प्यात मटार. झियांदाने पहिल्याच दिवशी चिकन फेकलं, मग मटार फेकले, मग बाळाचं दूध साठवायला आणलेल्या कोऱ्या पिशव्याही शेजारणीकडे नेऊन ठेवल्या.

दर शनिवारी झोलानी एक उंदीर प्लास्टिकच्या पिशवीत घालून कोमट पाण्यात सोडी. अर्ध्या तासाने तो मऊ पडे आणि घरभर वास सुटे. ओल्या कुत्र्याचा म्हणावा तर तसा नाही, शिळ्या मांसाचा म्हणावा तर तसाही नाही; कुणाच्या तरी झोपलेल्या अंगाखालून आल्यासारखा उबट, गोडसर वास. मग लांब चिमट्यात शेपटी धरून तो उंदीर पेटीत नाचवायचा. पाहुणा जीभ बाहेर काढायचा, जीभ आत घ्यायचा आणि मडक्याखाली निघून जायचा.

"टॅनी, तीन आठवडे झाले," झोलानी फोनवर सांगे. आवाज असा, जणू इस्पितळातून बोलतोय. "काहीच घेत नाही हो. वाळलाय. आणि डोळे कसे दुधाळ दिसायला लागलेत."

पलीकडून टॅनीचं खरखरीत हसू झियांदाला स्वयंपाकघरात ऐकू येई. "कात टाकतोय रे बाबा! त्याला दिसत नाहीये, तो खाणार कसा? तुमच्यासारखे नवीन लोक सापापेक्षा जास्त उपाशी असतात. सोड त्याला. पेटीवर फडकं टाक आणि जरा बायकोकडे बघ."

पण झोलानीला चैन पडेना. तो पाहुण्याला कणकेच्या काट्यावर ठेवून त्याचं वजन करू लागला. उंदीर जास्त गरम हवा की काय, म्हणून एकदा त्याने गॅसवर पाणी तापवलं. झियांदा स्वयंपाकघरात आली तर छोट्या पातेल्यात पिशवी तरंगत होती, पिशवीत उंदीर तरंगत होता, आणि पातेलं तेच, बाळाच्या बाटल्या उकळायला तिने आणलेलं.

"झोला! हे पातेलं!"

"पिशवीत आहे ग तो. पाण्याला लागत नाही."

"पिशवीला भोक असेल तर?"

"उंदीर मेलेला आहे, झि. भोक कोण पाडणार?"

तिने पातेलं चिमट्याने उचललं आणि कचऱ्याच्या नळीत सोडून दिलं. चार मजले ते ठणठणत खाली गेलं.

जुलैच्या कडक थंडीत बाळ झालं. मुलगा. लुखान्यो. काळेभोर जावळ, मुठी घट्ट, ओठ कायम काहीतरी शोधत असलेले. मादलोमो गावाहून दोन घोंगड्या आणि मक्याच्या पिठाची गोणी घेऊन आली आणि आल्या आल्या घराचा ताबा घेतला. झोपायच्या खोलीच्या दाराला पडदा लागला. नाळ पडेपर्यंत पडद्याच्या आत बाळंतीण, बाळ आणि सासू, बस्स. पुरुषाने आत पाऊल टाकायचं नाही, बापानेसुद्धा नाही. झोलानी दिवाणखान्यात कोचावर झोपू लागला, आणि त्याला सोबत काचेच्या पेटीतल्या पाहुण्याची.

झियांदा दिवस मोजत होती. चौथा. पाचवा. बाळाचा श्वास मोजत होती. हात इतके धुवत होती की बोटांच्या सांध्यांवरची कातडी फाटली. सहाव्या दिवशी पडद्याबाहेरून ओरडणं ऐकू आलं.

"खाल्लं! आई, झि, त्याने खाल्लं!"

मादलोमोने तिला उठवून पडदा बाजूला केला. "बघ, माकोटी. शुभ आहे. बघ तरी."

आणि झियांदाने पाहिलं. पाहुण्याचा जबडा त्याच्या डोक्यापेक्षा मोठा झाला होता, गालांची कातडी ताणून पारदर्शक झाली होती. उंदीर डोक्याकडून आत चालला होता, मागचे दोन गुलाबी पाय बाहेर, तळव्यांच्या बारीक गाद्या दिसत होत्या, माणसाच्या बाळाच्या असतात तशा. मग ते पायही गेले. तोंडाच्या कोपऱ्यातून नुसती शेपटी लोंबत राहिली, शेवयाचा एक लांब धागा लोंबावा तशी. पाहुण्याने मान लांबवली, आणि तीही ओढून घेतली. मानेखालून एक गाठ हळूहळू मागे सरकत गेली. झियांदाने तोंडावर हात दाबला. नुकतंच खाल्लेलं आंबट दूध-मका घशापर्यंत येऊन परत गेलं.

"आता उद्या बाळाकडे," मादलोमो म्हणाली.

"नाही आई!" झोलानी कोचावरून उठला. "दोन दिवस हात लावायचा नाही. टॅनीने बजावून सांगितलंय."

"ती गोरी? तिच्या कुळात कोण येतं? मांजर?"

"आई, जेवलेल्या सापाला—"

"पाहुणा म्हण. आणि मला एक सांग, शहाण्या. बाळापाशी नेणार तो उपाशी नेऊ की पोटभर जेवलेला नेऊ? इतके आठवडे उपाशी होता तो. उपाशी जीव पाव हाताच्या पोराकडे कसा बघेल?"

झोलानी पुन्हा कोचावर बसला. झियांदाकडे उत्तर होतं. गाडीची खिडकी, उंदरांचा वास, "कधीच म्हणजे कधीच" हे सगळं तिला लख्ख आठवत होतं. पण सासूचा प्रश्न तिच्या पोटात सुरीसारखा गेला होता. उपाशी साप आणि लुखान्यो. नको, त्यापेक्षा जेवलेला बरा. आणि आज सहावा दिवस होता. अकरावा यायला फक्त पाच दिवस उरले होते. टॅनीचं ते दुसरं वाक्य तिने मनातच ठेवलं आणि पडदा ओढून घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मादलोमोने अंघोळ केली, डोक्याला स्वच्छ फडकं बांधलं, पेटीत हात घातला आणि पाहुण्याला उचललं. झोलानी पडद्याबाहेर उभा राहून सूचना देत होता.

"आई, दोन्ही हातांनी! पोटाला दाबू नको!"

"तुला जन्माला घातलंय मी. मला उचलणं शिकवतोस?"

"मधला भाग फुगलाय ना, तिथे नको धरू!"

"गप्प बैस. तुझा आवाज ऐकून तो परत जाईल."

अंथरुणावर पांढरं पांघरूण होतं, त्यावर लुखान्यो उताणा, नुकताच जागा झालेला. झियांदा भिंतीला पाठ लावून बसली होती, एक हात बाळाच्या पायापाशी, म्हणजे खेचता येईल असा. मादलोमोने पाहुण्याला पांघरुणाच्या कडेला सोडलं आणि कुळाची नावं घ्यायला सुरुवात केली, एकामागून एक, खालच्या सुरात. पाहुणा पुढे सरकला. त्याच्या मधल्या फुगीर भागाची एक रेघ पांघरुणावर उमटत गेली. लुखान्योच्या मुठीपाशी तो थांबला. जीभ बाहेर, जीभ आत.

मग त्याच्या अंगातून एक लाट आली, शेपटीकडून डोक्याकडे. मान वाकडी झाली. जबडा उघडला.

आधी वास आला. कुजलेल्या अंड्याचा, व्हिनेगरचा, नाल्याचा, सगळा एकदम. डोळ्यांतून पाणी काढणारा. मग ते बाहेर आलं. उंदीरच होता, पण उंदीर राहिला नव्हता. केस गळून चिकट झाले होते, डोक्याची कातडी विरघळून आतलं पांढरं दिसत होतं, आणि सगळ्यावर मेणासारखा, करडा, तार सुटणारा चिकटा. ते बाळाच्या मुठीवर पडलं.

झियांदा किंचाळली की नाही, तिला आठवत नाही. तिने बाळाला खेचलं एवढं खरं. पण मूठ आधीच तोंडाकडे गेली होती. ओठ कायम काहीतरी शोधत असायचे ना त्याचे. त्याने मूठ चोखली. एकदा, दोनदा. तिने आपलं बोट त्याच्या तोंडात घालून पुसलं, फडक्याने पुसलं, नळाखाली त्याचे ओठ धरले, आणि त्याच नळाखाली वाकून स्वतः ओकली. ओकता ओकता एका हाताने त्याची मूठ धुतच होती.

मागे मादलोमो गुडघ्यांवर बसली होती आणि तिचे डोळे भरून आले होते.

"दिलं," ती म्हणत होती. "त्याने बाळाला आपल्या तोंडचा घास दिला! माझ्या दोन्ही मुलांना त्याने नुसतं हुंगलं होतं. माकोटी, घास कुणालाच दिला नव्हता ग! हे पांघरूण आता धुवायचं नाही."

लग्नाला चार वर्षं झाली होती. या चार वर्षांत झियांदाने सासूसमोर आवाज चढवला नव्हता. आताही चढवला नाही. तिने बाळाला छातीशी बांधलं, पांघरुणाची चारी टोकं उंदरासकट गोळा केली, दोन पिशव्यांत कोंबली, पडदा ओढून बाहेर आली आणि नवऱ्याच्या हातात दिली.

"हे खाली टाकून ये. आणि तो उद्या या घरात नको."

"झि, आईला काय वाटेल—"

"तो नाही तर मी."

मादलोमोला जे वाटायचं ते वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पाहुण्याला अभ्र्यात घातलं, अभ्रा बुटांच्या खोक्यात, खोकं मक्याच्या रिकाम्या गोणीत. "ज्याला मान कळत नाही त्याच्याकडे पाहुण्याने का राहावं?" ती दारात म्हणाली. "नोसिफो कधीही बाळंत होईल. तिथे घर जमिनीवर आहे." नोसिफो म्हणजे फुमझिलेची बायको, झियांदाची थोरली जाऊ. मादलोमोने आइस्क्रीमचा डबाही नेला. लोकांनी भरलेल्या टॅक्सीत, मांडीवर गोणी आणि पायाशी वितळणारे उंदीर घेऊन ती गावाला गेली. त्या घटकेला झियांदाला इतकं हलकं वाटलं की साप चाललाय कुठे आणि कुणासाठी, याचा तिने विचारच केला नाही. तिने फरशी तीनदा ब्लीचने पुसली आणि झोपली.

दहाव्या दिवशी लुखान्योने दूध सोडलं. संध्याकाळपर्यंत अंग तापलं. लंगोटातलं हिरवं पाणी दुसऱ्या सकाळी लाल झालं. अकरावा दिवस इस्पितळात उजाडला.

तरुण डॉक्टरीण होती, डोळे झोपेने सुजलेले. लुखान्योच्या डोक्याच्या शिरेत सुई होती, कारण हाताची शीर सापडलीच नव्हती. तपासणीचा कागद बघता बघता तिने विचारलं, "घरात कासव, पाल, साप असं काही आहे का?"

झियांदाने सगळं सांगितलं. घासापर्यंत सगळं. डॉक्टरीण लिहायची थांबली.

"सापाच्या पोटात हे जंतू राहतात. त्याला काही होत नाही," ती म्हणाली. "मोठ्या माणसाचं दोन दिवस पोट बिघडतं. नवजात बाळाच्या ते रक्तात शिरतात. तो साप आता कुठे आहे?"

तेव्हा कुठे झियांदाच्या डोक्यात प्रकाश पडला.

गावी फोन लागायला चार तास गेले. त्या डोंगराखाली वीज नेहमीच जाते, मादलोमोचा फोन दुकानात चार्ज होतो. लागला तेव्हा तिचा आवाज आनंदाने फुटत होता.

"मुलगी झाली, माकोटी! नोसिफोला मुलगी!"

"मा, ऐका. पाहुण्याला बाळाजवळ नेऊ नका. लुखान्यो इस्पितळात आहे. रक्त जातंय त्याला. त्या उंदरामुळे—"

"अग, शहराचं पाणी. तुझं ते ब्लीच. बाळाला किती धुतेस तू!"

"मा, डॉक्टर म्हणतात—"

"डॉक्टर पहिल्या वेळीही म्हणत होते." मग समजूत घातल्यासारखं, प्रेमानेच, "हे बघ, तुझ्या बाळाला त्याने घास दिला म्हणून तर ते अजून आहे. मी नोसिफोकडेही तसंच करणार. बुधवारी त्याला पोटभर जेवू घालीन, गुरुवारी बाळापाशी नेईन. तिथे दिला, इथेही देईल. तू काळजी करू न—"

फोन बंद पडला. त्यानंतर लागलाच नाही.

फुमझिले दूर उत्तरेकडे खाणीत कामाला, महिनाअखेरीशिवाय येत नाही. झोलानी त्याच दुपारी निघाला. त्याचा निरोप दुसऱ्याच कुणाच्या फोनवरून आला: आई मला झोपडीत जाऊ देत नाही, खोकं आतच आहे, मी दारात उभा आहे. आत बाळंतीण, मध्ये पडदा, आणि पुरुषाने आत शिरायचं नाही हा कुळाचा नियम. सक्तीने शिरला तर बाळावर येईल असं आईने सांगितलं, आणि तो शिरला नाही. झियांदाला तो दारात कसा उभा असेल ते दिसत होतं, सूचना देत. आरोग्य केंद्रातली नर्स शुक्रवारी फेरीवर येते. शुक्रवारी. झियांदाला आई नाही, नाहीतर तीच गेली असती.

लुखान्योने आज पहाटे पुन्हा दूध ओढलं. सात घोट. ताप अजून आहे, पण मूठ पुन्हा घट्ट झाली आहे आणि ती तोंडाकडे जाते. झियांदा दर वेळी ती धरते आणि ओल्या कापसाने पुसते. ती या खाटेपासून हलू शकत नाही.

म्हणून तिचं तुमच्याकडे मागणं आहे. कुम्बू गावाच्या पुढे डांबरी रस्ता संपतो तिथे दुकान आहे, दुकानामागे निळ्या दाराची गोल झोपडी आहे. तुमच्यापैकी कुणी त्या बाजूची असेल, किंवा तुमची कुणी बहीण, मावशी तिकडे राहत असेल, तर तिने जावं. बाईनेच जावं, बाईला आत सोडतील. साबणाची वडी घेऊन जा, बाळ बघायला आले म्हणा. मादलोमोशी वाद घालू नका, ती वाईट नाही, तिचं ऐकून घ्या. फक्त अंथरुणावर बसून घ्या आणि मुलीला मांडीवर घ्या, गुरुवार संपेपर्यंत खाली ठेवू नका. आणि आधी तिच्या कपाळाला हात लावून बघा. गरम आहे का, तेवढं बघा.